फ्लेक्स-छपाईचे यंत्र : शाई अडते कुठे?

आज ज्या यंत्राबद्दल बोलायचे आहे ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले नसेल. पण त्याचे काम मात्र गावच्या वेशीपासून एस. टी. स्टँडापर्यंत तुम्ही रोज पाहता. लग्नाचा मंडप असो, यात्रा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की कुणा दादांचा वाढदिवस असो, तो जो चकचकीत फलक लागतो, ज्याला आपण सगळे ‘फ्लेक्स’ म्हणतो, तो या यंत्रातून निघतो. वाढदिवसाच्या फलकांविषयी माझे मत विचारू नका. आजचा विषय यंत्राचा आहे.

तालुक्याच्या गावी अशी दोन-तीन यंत्रे तरी असतातच. ती चालवणारी मुले बहुधा आपल्याच खेड्यांतली. कुणी आय.टी.आय. झालेला, कुणी बारावीनंतर शहरात दोन वर्षे काम शिकून आलेला. बँकेचे नाहीतर पतपेढीचे कर्ज काढून यंत्र घेतलेले असते. लग्नसराईत दिवस-रात्र काम चालते. आणि अशाच एका संध्याकाळी, नवरदेवाचे चुलते गिऱ्हाईक म्हणून समोर बसलेले असताना, फलकावर पांढऱ्या रेघा उमटू लागतात. मुलगा घाबरतो. ‘क्लीनिंग’ची कळ दहा वेळा दाबतो. वाटीभर शाई गटारात जाते, रेघा मात्र जातच नाहीत. मग फोनवर कोणीतरी सांगतो, “हेड गेलं तुझं, नवं टाक.”

हे ‘हेड’ म्हणजे काय ते पुढे सांगतो. पण त्याची किंमत आधी ऐका. एक हेड म्हणजे एक दुभती म्हैस, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. आणि यंत्रात अशी चार किंवा आठ हेडे असतात. तेव्हा “हेड गेलं” हा निकाल सोपा नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे की, शाई येत नाही तेव्हा हेडावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. त्याच्या आधी शाई जिथून निघते तिथपासून सगळी वाट तपासावी. शेतकऱ्याला हे निराळे शिकवायला नको. तोटीला पाणी आले नाही म्हणून आपण तोटी फेकून देत नाही. आधी विहिरीवर जाऊन फूटव्हॉल्व बघतो.

आता यंत्राची रचना. फलक पुढे सरकत असतो आणि त्याच्यावरून एक गाडा डावी-उजवीकडे येरझाऱ्या घालतो. त्या गाड्याच्या पोटाशी हेडे बसवलेली असतात. प्रत्येक हेडाच्या तळाला एक पत्रा आणि त्या पत्र्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे. या छिद्रांना नोझल म्हणतात. फ्लेक्सच्या यंत्रांत कोनिका मिनोल्टा कंपनीचे ५१२ जातीचे हेड पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यात नावाप्रमाणे ५१२ छिद्रे असतात. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे इको-सॉल्व्हंट शाईच्या यंत्रांत एप्सनचे डीएक्स-५ हेड असते. त्यात १८० छिद्रांच्या ८ रांगा, म्हणजे एकूण १४४० छिद्रे.

प्रत्येक छिद्रामागे शाईची एक इवलीशी कोठडी असते. या कोठडीच्या भिंतीत एक विशेष पदार्थ वापरलेला असतो. त्याला वीज दिली की तो किंचित वाकतो, कोठडी दबते आणि शाईचा एक थेंब बाहेर उडतो. हे गूढ वाटेल, पण याचे भावंड तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅसची शेगडी पेटवायचा तो ‘टिक टिक’ करणारा लायटर घ्या. त्यात असाच खडा असतो; त्याच्यावर ठोका बसला की वीज निर्माण होते आणि ठिणगी पडते. दाबाने वीज निर्माण होते ही गोष्ट १८८० साली फ्रान्समध्ये जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिली. उलट बाजूने, म्हणजे विजेने खडा हलतो, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. लायटरात ठोक्याची वीज होते. हेडात विजेचा ठोका होतो. आणि तो सेकंदाला हजारो वेळा होतो.

थेंब केवढा असतो? ५१२ जातीच्या एका हेडाचा थेंब ४२ पिकोलिटरचा असतो. आकडा लक्षात राहणार नाही, म्हणून असा हिशेब करा : इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या एका मिलिलिटर शाईतून असे सुमारे २ कोटी ३८ लाख थेंब होतील. थेंबाची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी. शिक्षक मित्रांनी वर्गात जुन्या फलकाचा एक तुकडा आणि एक भिंग आणावे. लांबून जो हिरवागार डोंगर दिसतो, तो जवळून निळसर आणि पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी निघते. चार रंगांतून सारे चित्र होते : निळसर तो सायन, राणी रंगाचा मॅजेंटा, पिवळा आणि काळा. मुलांना फार मजा वाटते, आणि रंगमिश्रणाचा धडा आपोआप होतो.

अशा सूक्ष्म छिद्राला अडवायला मोठे कारण लागत नाही. वाळलेल्या शाईची खपली, कापडाचा धागा किंवा हवेचा बुडबुडा पुरतो. या तिघांत बुडबुडा सर्वांत फसवा, कारण तो दिसत नाही आणि एका जागी राहतही नाही.

आता शाईची वाट पाहू. मोठ्या फ्लेक्स-यंत्रात खाली शाईचे कॅन असतात. कॅनमधून पंप शाई ओढतो. ती फिल्टरमधून जाते, लांब नळीने गाड्यावर चढते आणि गाड्यावरच्या एका लहान टाकीत साठते. तिला सब-टँक म्हणतात. तिच्यात तरंगणारा गोळा असतो, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकचा धाकटा भाऊ. पातळी खाली गेली की गोळा खाली येतो आणि पंप सुरू होतो. सब-टँकमधून शाई हेडात उतरते. इको-सॉल्व्हंटच्या लहान यंत्रांत सब-टँकऐवजी हेडाच्या डोक्यावर एक छोटी डबी असते. तिला डॅम्पर म्हणतात. तिच्यात बारीक जाळी असते आणि ती शाईचे हेलकावे शोषून घेते.

कालव्यावर पाणी घेणाऱ्यांना एक गंमत वाटेल. आपल्या भाषेत हेड म्हणजे कालव्याचे वरचे तोंड आणि टेल म्हणजे शेवट. या यंत्रात मात्र हेड टेलला बसले आहे! आणि टेलच्या शेतकऱ्याचे जे दुखणे तेच त्याचे. वर कुठेही पाट फुटला, कुणी दार अर्धे लावले, गवत अडकले, तरी पाणी कमी पडते ते टेलच्याच वाफ्यात. तिथे नुसती खोरी घेऊन दारे धरणारा उभा राहिला तर काय उपयोग?

आणखी एक गोष्ट नीट समजली नाही तर पुढचे सगळे अवघड जाते. सब-टँक हेडाच्या वर आहे. मग खालच्या छिद्रांतून शाई गळून का जात नाही? वर्गात प्रयोग करा. सरबताची नळी पाण्यात बुडवा, वरचे तोंड बोटाने दाबा आणि नळी उचला. पाणी आत राहते. बोट काढले की ओतते. यंत्रात बोटाचे काम एक लहानसा हवेचा पंप करतो. तो सब-टँकमधली हवा किंचित ओढून धरतो. कारागीर याला ‘निगेटिव्ह’ किंवा ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. हा ओढा बरोबर असला की प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी शाईचा पडदा आत किंचित खोलगट होऊन थांबतो. ओढा कमी पडला की शाई हेडाच्या पत्र्यावर ठिबकते, एका रंगात दुसरा मिसळतो आणि पिवळ्यात लाल झाक येते. ओढा जास्त झाला की छिद्रांतून उलटी हवा आत खेचली जाते आणि छपाई चालू असताना शाई तुटते. यंत्रावर या ओढ्याचा आकडा दाखवणारा काटा किंवा पडदा असतो. यंत्र उत्तम चालू असते त्या दिवशी तो आकडा खडूने यंत्रावरच लिहून ठेवावा. दुखणे आले की पहिली नजर तिकडे. डॅम्परवाल्या यंत्रात हे काम बाटलीची उंची करते. म्हणून तिथे कुणी हौसेने बाटल्या उचलून वरच्या फळीवर ठेवू नयेत.

आता रोगाची परीक्षा. वैद्य जशी नाडी पाहतो तशी इथे ‘टेस्ट’ काढतात. यंत्र प्रत्येक छिद्राने एक एक बारीक रेघ मारून दाखवते. जी रेघ नाही ते छिद्र गप्प. पुष्कळ मुले एकच टेस्ट काढतात, रेघा तुटलेल्या पाहतात आणि लगेच साफ करायला घेतात. इथेच घोटाळा होतो. एका टेस्टवरून काही कळत नाही. साफ न करता, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीन टेस्ट काढा, त्यांच्यावर वेळ लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा. मग यंत्र स्वतःच बोलते.

पिवळ्या रंगाची टेस्ट पांढऱ्यावर दिसत नाही म्हणून लोक ती सोडून देतात. बॅटरीच्या काचेवर निळा जिलेटिन कागद लावा आणि त्या उजेडात पाहा. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, त्यामुळे पिवळ्या रेघा काळपट होऊन स्पष्ट दिसतात. हाही वर्गात करण्यासारखा प्रयोग आहे.

तीन टेस्टांमध्ये तुटलेल्या रेघा त्याच त्या जागी असतील, तर छिद्र खरोखर अडलेले आहे, नाहीतर विजेचे काहीतरी आहे. रेघा जागा बदलत असतील, पहिल्या टेस्टला इथल्या, दुसरीला तिथल्या, तर ती हवा आहे. आणि टेस्ट चांगली येते, छपाई सुरूही छान होते, पण चार-पाच फूट गेल्यावर रंग फिका पडून तुटतो, मग पाच मिनिटे थांबले की पुन्हा ठीक, तर शाई अपुरी पोहोचते आहे. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. तिघींचे औषध निराळे आहे, आणि एकीचे औषध दुसरीला दिले तर दुखणे वाढते.

अपुऱ्या शाईचे प्रकरण सर्वांत जास्त भेटते आणि त्यात हेडाचा दोष जवळजवळ नसतोच. लग्नाचा काळ्या पार्श्वभूमीचा मोठा फलक आठवा. पांढऱ्या जागेवर चार अक्षरे छापायला शाई थोडी लागते. सबंध काळे भरायला किती तरी जास्त. वरून येणारी धार बारीक असेल तर सब-टँकमधला साठा संपेपर्यंत सगळे ठीक दिसते आणि मग दुष्काळ. याची खात्री करायची तर एकाच रंगाचा भरीव पट्टा छापून पाहावा आणि कितव्या फुटाला तुटतो ते मोजावे.

मग विहिरीवरून निघा. कॅनमध्ये शाई आहे का आणि नळीचे टोक शाईत बुडालेले आहे का? हसू नका, पुष्कळदा एवढेच असते. कॅनच्या झाकणाला हवेचे भोक आहे का? इथे शिक्षकांसाठी आणखी एक प्रयोग : प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ सुईने भोक पाडा, पाणी भरा, झाकण घट्ट लावा. धार थांबते. झाकण सैल करा, धार लागते. शाई गेली तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर पंपाची ओढ फुकट जाते. धूळ जाऊ नये म्हणून कॅनच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून ठेवणारे लोक हेच विसरतात. धूळ नको हे बरोबर, पण मग पातळ जाळी बांधा.

पुढे फिल्टर. ठिबक सिंचन करणाऱ्याला फिल्टरचे महत्त्व मी काय सांगू! जाळी धुतली नाही की शेवटच्या झाडाला पाणी नाही. फरक एवढाच की शाईचा फिल्टर धुऊन, झटकून पुन्हा बसवायचा नसतो. तो बदलायचा असतो. त्याच्यावर बाण असतो. बाण शाईच्या दिशेने हवा. फिल्टरनंतर नळी. गाड्याबरोबर हलणाऱ्या साखळीत ती रोज हजारो वेळा वाकते. सॉल्व्हंटने ती हळूहळू कडक होते, वळणावर चेपते नाहीतर चिरते. मग पंप. तो फिरतो आहे की नुसता गुणगुणतो आहे, हे कान लावून ऐका. मग सब-टँकचा गोळा. घट्ट झालेल्या शाईने तो वर चिकटून बसला तर यंत्राला वाटते टाकी भरलेली आहे, आणि पंप सुरूच होत नाही. उलट तो खाली अडकला तर टाकी भरून वाहते आणि शाई त्या हवेच्या नळीत शिरते. तिथून ती दुसऱ्या रंगाच्या टाकीतही पोहोचते. रंग एकदम मिसळले आणि कारण सापडत नाही, तेव्हा हवेची नळी उघडून पाहावी. आतून ती कोरडी असायला हवी. इतके सगळे ठीक निघाले तर मग डॅम्परची जाळी पाहावी.

आता हवा. मोटारपंपाने हवा धरली म्हणजे काय होते ते तुम्हांला माहीत आहे. मोटार फिरते, आवाज येतो, पाणी नाही. आपण पाणी ओतून पंप भरून घेतो. पण सक्शनच्या जोडाला फट असेल तर तासाभराने पुन्हा तेच. छपाई-यंत्रातही साफ केल्यावर दहा मिनिटे छान चालते आणि मग पुन्हा तुटते, तेव्हा समजावे की कुठल्या तरी जोडातून हवा येते आहे. गंमत अशी, त्या जोडातून शाई गळत नाही. ओढ आतल्या बाजूला असल्यामुळे फट बाहेर ठिबकत नाही, हवा आत घेते. म्हणून कापड फिरवून ‘सगळं कोरडं आहे’ म्हणणे पुरेसे नाही. पारदर्शक नळीमागे बॅटरी धरून तिच्यात रिकाम्या फटी दिसतात का पाहावे आणि त्या जिथून सुरू होतात त्याच्या मागचा जोड पकडावा. जोडातली रबरी कडी सॉल्व्हंटने फुगते, चिरते. ती कडी काही आण्यांची म्हणा ना. पण तिच्यापायी म्हशीच्या किमतीचे हेड उकिरड्यावर जाते.

हवा असताना क्लीनिंगची कळ पुन्हापुन्हा दाबू नये. प्रत्येक वेळी ओढ बसते आणि फटीतून आणखी हवा येते. दोन वेळा साफ करून टेस्ट सुधारली नाही, किंवा बिघडली, तर तिथेच थांबा. जोड दुरुस्त करा, शाई भरून घ्या आणि यंत्राला काही तास स्वस्थ राहू द्या. बारीक बुडबुडे शाईत विरून जातात. लहान यंत्रांत आणखी एक जागा पाहावी : हेड विसाव्याला जिथे बसते ती रबराची टोपी, म्हणजे कॅप. तिच्या काठावर शाईचा थर साचला की ती हेडाला घट्ट बसत नाही, आणि पंप शाईऐवजी बाहेरची हवा ओढतो. फोम लावलेल्या काडीने तो काठ रोज पुसणे, हे काम दोन मिनिटांचे आहे. शेजारचा रबरी वायपरही पाहावा. त्याच्या धारेला एक धागा चिकटला असेल तर तो प्रत्येक वेळी साऱ्या छिद्रांवरून फिरतो.

राहिले खरोखर अडलेले छिद्र. रेघ त्याच जागी तुटलेली आहे. इथे मऊ हात लागतो. शाईवाल्याच कंपनीचे सोल्युशन घ्यावे. रंगाच्या दुकानातला थिनर नव्हे, आणि पाणी तर मुळीच नव्हे. धागे न सुटणारा कापडाचा तुकडा त्यात भिजवून हेडाच्या पत्र्याला नुसता टेकवावा, घासू नये. रात्रभर ओलसर ठेवावे. वाळलेली शाई भिजायला वेळ मागते, जोर नव्हे. चपातीचा तवा भिजत ठेवला की निघतो तसेच. तरीही नाही निघाले तर सिरिंजने सोल्युशन हेडातून थेंब थेंब उतरू द्यावे, शक्यतो त्याच्या स्वतःच्या वजनाने. सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने जोरात दाबणारे पुष्कळ पाहिले. आतले पातळ पडदे त्या जोराने फुटतात आणि मग ते हेड खरोखरच जाते. कंप्रेसरची हवा मारणे हा त्याहून मोठा अविचार. हे सारे करताना यंत्राची वीज बंद हवी, आणि हेडाच्या विजेच्या जोडणीवर थेंबही पडता कामा नये.

एक कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दाब देऊन शाई बाहेर काढली, ज्याला पर्ज म्हणतात, तेव्हा सबंध रांगेतून शाई नीट येते, पण छापताना मात्र ती रांग गप्प असते. याचा अर्थ वाट मोकळी आहे, ठोकाच बसत नाही. मग दोष विजेचा : केबल, जोडणी, पाटी किंवा हेडाचा खडा. हे काम जाणत्या मेकॅनिकचे. यंत्र बंद करून तो दोन हेडांच्या केबली अदलाबदल करतो. दोष केबलीबरोबर दुसऱ्या हेडावर गेला तर हेड निर्दोष. तिथेच राहिला तर मात्र हेड दोषी. नवे हेड घेण्यापूर्वी ही अदलाबदल झालीच पाहिजे, असा आग्रह यंत्राच्या मालकाने धरावा. आणि फलकाची वळलेली कड हेडाच्या पत्र्यावर घासून ओरखडा पडला असेल, तर कुठलेही सोल्युशन तो भरून काढणार नाही. तिथे खर्चाला इलाज नाही.

शाईबद्दल थोडे. स्वस्त मिळाली म्हणून एका कंपनीच्या शाईत दुसरीची ओतू नये. दोन्ही चांगल्या असल्या तरी एकत्र आल्यावर त्यांचा साका बसू शकतो, नासलेल्या दुधासारखा. कॅन वापरण्यापूर्वी हलक्या हाताने हलवावा, कारण रंगाचे कण तळाशी बसतात. हलवल्यावर फेस बसेपर्यंत थांबावे. कॅनवरची तारीख वाचावी.

हवामानाचे म्हणाल तर आपल्याकडे तिन्ही ऋतू या यंत्राची परीक्षा घेतात. थंडीच्या पहाटे शाई मधासारखी जड होते. हेड गरम करण्याची सोय असेल तर आधी ते गरम होऊ द्यावे आणि मगच टेस्ट काढावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये छिद्राच्या तोंडाशी शाई पाहता पाहता वाळते, म्हणून यंत्र उघडे ठेवून चहाला जाऊ नये. कोरड्या हवेत फलकावर स्थिर वीज साचते, ती धूळ आणि धागे ओढते आणि थेंब भलतीकडे वळवते. यावर पहिला उपाय चांगले अर्थिंग. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे.

मध्येच वीज गेली तर? गाडा फलकाच्या मध्यावर उघडा राहतो आणि ओढा धरणारा हवेचा पंपही थांबतो. म्हणजे छिद्रे एकीकडे वाळतात, दुसरीकडे ठिबकतात. यू.पी.एस. असेल तर त्याच्यावर फलक पूर्ण करायचा मोह टाळून गाडा आधी विसाव्याला न्यावा. यू.पी.एस. नसेल तर गाडा हाताने कसा न्यायचा हे मेकॅनिककडून आधीच शिकून ठेवावे, आणि सब-टँकखाली चाप असेल तर तो बंद करावा.

आता जरा गंभीर गोष्ट. या शाईंमध्ये सायक्लोहेक्झॅनोनसारखी द्रावके असतात. त्यांच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोके धरते. सायक्लोहेक्झॅनोन सुमारे ४४ अंशांना पेट घेण्याजोगी वाफ देऊ लागतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखाली एवढी उष्णता होते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. म्हणून वरच्या झरोक्याबरोबर खालच्या बाजूलाही हवेला वाट हवी. दुकानात बिडी-काडी नको, देवापुढची उदबत्तीही बाहेर. हातमोजे घालावेत. धाकटा भाऊ मदतीला येतो म्हणून त्याच्याकडून उघड्या हातांनी हेड पुसून घेऊ नये. आणि वाया गेलेली शाई गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवावी. ज्या ओढ्यात ती जाईल त्याच्याच काठी कुणाची तरी विहीर असते.

फ्लेक्स येण्यापूर्वी गावोगाव पेंटर होते. दिवसाचे काम कितीही उशिरा संपो, रॉकेलमध्ये ब्रश धुतल्याशिवाय चांगला पेंटर घरी जात नसे. या यंत्राचेही रात्रीचे आवरणे तसेच आहे : हेडाचा पत्रा मऊ हाताने टिपणे, कॅपचा काठ पुसणे, विसाव्याच्या जागी स्पंज असेल तर तो सोल्युशनने ओला करणे, ओढ्याचा आकडा पाहणे, आणि एक टेस्ट काढून तारीख-वेळ घालून वहीत चिकटवणे. सकाळी दुसरी टेस्ट तिच्या शेजारी.

ही वही दुखण्याच्या दिवशी कामाला येते. मेकॅनिकला फोन करताना नुसते “यंत्र नीट छापत नाही” म्हणू नका. कुठला रंग, रेघ एकाच जागी तुटते की जागा बदलते, की चार फुटांनंतर फिकी पडते. ओढ्याचा आकडा किती. फिल्टर कधी बदलला. शाई नवी उघडली का. एवढे सांगा आणि तीन टेस्टांचे फोटो पाठवा. तो घरून निघतानाच फिल्टर घेऊन निघायचे की रबरी कडी, हे त्याला ठरवता येईल.